पोळा झाल्यावर मेळघाट: आईवडील अन् लेकरं घेऊन स्वतःच्या गाडीनं जायाचं हाय, रस्ता कसा धरू?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातला, आठ एकर वावर हाय, सोयाबीन अन् पऱ्हाटी (कापूस), मधात तुरीच्या ओळी. यंदा पोळा झाल्यावर सोयाबीन सोंगाले येईपर्यंत पंधरा-वीस दिवस जरा मोकळे भेटतात, तेवढ्यात मेळघाट पाहून यावं असं मनात हाय. आमी सहा जण, मी, बायको, दोन लेकरं (एक सहावीत, एक दुसरीत), आई अन् बाबा. बाबाचं वय ७२, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू हाय. गाडी जुनी सात सीटची, डिझेल, मीच चालवतो, पण आजपर्यंत घाट म्हणून कधी चालवला नाही, आपल्याकडं सगळं सपाटच.

खरं सांगू का, हे जाणं बाबासाठीच हाय. बाबा तरुणपणी शकुंतला रेल्वेनं दारव्हा मोतीबागवरून मुर्तिजापूर अन् तिथून अचलपूरले गेलते, घर बांधाचं होतं तं परतवाड्याच्या लाकडाच्या डेपोतून सागवान आणाले. ते सांगतात का गाडी अचलपूरच्या जवळ आली का उत्तरेकडं निळा डोंगर आडवा दिसे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, अन् तवाच त्यायनं ठरवलं होतं का एकदा वर जाऊन पाहू. त्याले आता पन्नास वर्षं होत आली. शकुंतला बंद पडली, घराचे खांब अजून तेच हायेत, अन् बाबा वर गेलेच नाही, कधी नांगरणी, कधी लग्न, कधी पैसा नाही.

तं मले विचाराचं हे हाय का दारव्हा-नेर-अमरावती-परतवाडा असं जाऊ का कारंजा-मुर्तिजापूर-दर्यापूर-अंजनगाववरून, किती दिवस ठेवू, नवीन माणसाले घाट जमते का, मुक्काम कुठं करू अन् सप्टेंबरात वाघाची सफारी भेटते का. लेकरायनं वाघाचाच धोशा लावला हाय. ज्यायले माहीत हाय त्यायनं जरा खुलून सांगा.

घाटाखालचा (परतवाडा)

भाऊ, या बिनधास्त. मी परतवाडा-धारणी माल घेऊन जातो, किराणा, कधी सिमेंट, आठवड्यातून दोन-तीनदा तरी होते, म्हणून रस्त्याचं तेवढं मी सांगतो.

तुमाले अमरावतीवरूनच सोपं जाईन. नेर, अमरावती अन् मंग परतवाडा, अमरावती ते परतवाडा पन्नास-पंचावन किलोमीटर, रस्ता सपाट. दर्यापूर-अंजनगावकडून बी येता येते पण म्हातारे माणसं हायेत तं कायले लांबवता. परतवाड्यात टाकी फुल्ल करा, टायरची हवा पाह्यजा, स्टेपनी पाह्यजा, अन् खिशात नगद पैसे ठेवजा, कारण वर गेल्यावर मोबाईलचं नेटवर्क येते-जाते, मोबाईलनं पैसे जाईनच याचा भरोसा नाही.

परतवाड्यावरून चिखलदऱ्याले दोन रस्ते हायेत. एक धामणगाव गढी अन् मोथ्यावरून, तीसेक किलोमीटर, चढ जास्त पण नजारा बी जास्त. दुसरा बिहाली, घटांग, सलोना असा, तो लांबचा. तुमी चढताना मोथ्याचा धरा, कारण तुमचे बाबा जे खालून पाहत होते ते वरून कसं दिसते ते त्याच घाटात समजते. एखाद्या वळणावर जागा पाहून गाडी बाजूले लावा अन् मागं वळून पाहा, सगळं वऱ्हाड खाली पसरलेलं असते, वावरं, गावं, एखादं तळं चमकते. फक्त धुकं नसलं पाह्यजे.

आता घाट कसा चालवायचा. चढताना पहिला-दुसरा गिअर, क्लचवर पाय ठेवून गाडी धरून ठेवू नका, क्लच प्लेट जळते, वास आला का थांबून राहा. उतरताना न्यूट्रल करू नका, ही चूक मैदानातले लोक डिझेल वाचवायले करतात अन् ब्रेक तापून पकडतच नाही. ज्या गिअरमंधी चढलो त्याच गिअरमंधी उतरायचं. वळणावर हॉर्न द्या, चढणाऱ्या गाडीले आधी वाट द्या, अन् समोरून एसटी आली तं आपण दाबून उभं राहायचं, त्यायचे डायव्हर रोजचे हायेत, त्यायले वळण पाठ हाय. धुक्यात हेडलाईट अप्पर मारू नका, सगळं पांढरं होते अन् आपल्यालेच दिसत नाही. लाईट खाली ठेवा, काच थोडी उघडी ठेवा म्हणजे समोरची गाडी ऐकू येते.

अन् अंधार पडल्यावर जंगलातून गाडी चालवूच नका. गवा रस्त्यावर उभा असला तं काळ्या रस्त्यावर काळं जनावर, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. वनखात्याचे नाके हायेत, त्यायच्या वेळा असतात, निघायच्या आधी विचारून घेजा. मी इतके वर्षं या रस्त्यानं जातो पण पाच वाजले का जिथं हाय तिथं थांबतो.

सातपुड्याचे मास्तर (अमरावती)

पऱ्हाटीवाले भाऊ, तुमच्या बाबांची गोष्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी चिखलदरा तालुक्यात आश्रमशाळेत अकरा वर्षं मास्तरकी केली, आता रिटायर आहे.

आधी सफारीचं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या ९ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ सालचा, आतमध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे ३६१ चौरस किलोमीटरचं. पावसाळ्यात गाभ्यातली सफारी बंद असते. काही बाहेरचे गेट चालू असले तर वनखात्याकडे चौकशी केल्यावर समजेल. पण लेकरांना आधीच समजावून सांगा की आपण वाघ पाहायला चाललो नाही. ताडोब्यासारखं इथं वाघ समोर येऊन बसत नाही, जंगल डोंगराळ आहे, दाट आहे, वाघ असतो आणि आपल्याला पाहतो, आपल्याला तो दिसत नाही. अकरा वर्षांत मला दोनदा दिसला, दोन्ही वेळा शेपटीकडून. जो फक्त वाघासाठी येतो तो मेळघाटातून नाराज होऊन जातो आणि सगळ्यांना सांगत सुटतो की तिथं काहीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काहीच नाही कसं? रस्त्यानं हळू चाललात तर शेकरू दिसेल, सांबर दिसेल, नशिबानं अस्वल नाहीतर रानकुत्र्यांची टोळी दिसेल. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे, १८८४ नंतर ते कुणाला दिसलंच नव्हतं, शास्त्रज्ञ म्हणत होते संपलं, आणि १९९७ साली खानदेशात शहाद्याकडच्या जंगलात ते पुन्हा सापडलं, मग शोधता शोधता मेळघाटातही निघालं. ११३ वर्षं माणसांच्या नजरेआड राहिलेला पक्षी आपल्या अमरावती जिल्ह्यात राहतो, हे मी दरवर्षी वर्गात सांगायचो आणि पोरं म्हणायची गुरुजी आम्ही तर त्याला रोज ऐकतो. खरं-खोटं देव जाणे, पण सांगताना त्यांचे डोळे चमकायचे.

दुसरं, लोक चिखलदरा पाहतात आणि म्हणतात मेळघाट पाहिला. चिखलदरा चांगलंच आहे, १,११८ मीटर उंची, विदर्भातलं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, कॉफी पिकते, भीमकुंड आहे, भीमानं कीचकाला मारून याच दरीत फेकला म्हणून कीचकदरा आणि त्याचं चिखलदरा झालं असं सांगतात. गाविलगड अवश्य दाखवा. लेकरांना सांगा की १८०३ च्या नोव्हेंबरात अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि त्यानंतर इंग्रजांच्या फौजा या गडावर आल्या. दक्षिणेकडून कडा उभा, म्हणून त्यांनी डोंगरातून वाट काढत तोफा ओढत उत्तरेकडे नेल्या आणि तटाला भगदाड पाडलं, १५ डिसेंबर १८०३ ला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला. ज्या घाटात आपली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते त्याच डोंगरात बैलांनी आणि माणसांनी तोफा ओढल्या, हे तिथं उभं राहून सांगितलं की पोरं विसरत नाहीत.

पण खरा मेळघाट चिखलदऱ्याच्या पलीकडे आहे. घटांगवरून धारणीच्या रस्त्याला लागा, सेमाडोह, मग पंधराएक किलोमीटरवर कोलकास, पुढे हरिसाल. रस्ता अरुंद आहे, सिपना नदी कधी डावीकडे कधी उजवीकडे येते, दोन्ही बाजूंनी साग. खंडू, खापरा, सिपना, गाडगा, डोलार या पाचही नद्या मेळघाटातून निघून तापीला मिळतात, म्हणजे डोंगराच्या या बाजूचं पाणी पूर्णेकडे आणि पलीकडचं सरळ तापीकडे. माझं मत, तीन दिवस ठेवा आणि धारणीपर्यंत जाऊन या.

एक अडचण मात्र आहे. सप्टेंबरात हिरवळ आणि धबधबे मिळतील पण धुकं दिवसदिवस हलत नाही. बाबांना वरून खाली पाहायचं असेल तर दिवाळीनंतर आकाश स्वच्छ असतं, तेव्हा जा. सफारीही चालू असते.

पऱ्हाटीवाला

मास्तर, तुमचं म्हणणं पटते, पण दिवाळीनंतर कापूस वेचाले येते, मजूर भेटत नाही, आमी घरचे सगळेच वावरात राहतो, मंग तूर, हरभरा. जानेवारीत थंडीत बाबाले वर न्यायची हिंमत होत नाही, श्वास भरते. मार्च-एप्रिलात लेकरायच्या परीक्षा अन् ऊन. असं करत करतच पन्नास वर्षं गेली ना. म्हणून सप्टेंबरच पक्का. धुक्यावर काही उपाय असला तं सांगा.

अंजनगावची ताई

दादा, धुक्यावर एकच उपाय, दोन रात्री एकाच ठिकाणी राहा. आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा एकच रात्र राहिलो, देवी पॉइंटवर उभे होतो तर शेजारचा माणूस दिसत नव्हता, सगळे कंटाळून परत आलो. दुसऱ्यांदा सासूबाईंना घेऊन दोन रात्री राहिलो, दुसऱ्या दिवशी अकरा-बाराच्या सुमारास अर्धा तास ढग असा बाजूला झाला की सासूबाई हातच जोडून उभ्या राहिल्या. म्हणून सकाळी उठून सगळे पॉइंट उरकायच्या मागं लागू नका, चहा घ्या, बसा, धुकं फाटलं की गाडी काढा.

मास्तरांचा मान ठेवून सांगते, ७२ वर्षांच्या माणसाला धारणीपर्यंत नेऊन आणू नका. परतवाडा ते धारणी जवळजवळ शंभर किलोमीटर आहे पण वळणांमुळं अडीच-तीन तास सहज जातात, तेवढंच परत. कोलकासपर्यंत जा, नदीकाठी बसा, फिरा. आणि मुक्तागिरीचा मोह होईल, परतवाड्याजवळच आहे पण मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात येतं, ५२ जैन मंदिरं आणि पावसाळ्यात मधोमध धबधबा, फार सुंदर आहे पण पायऱ्या पुष्कळ, गुडघ्यांचं पाहा. तुम्ही लेकरं घेऊन वर जा, आईबाबा खाली बसतील असं म्हणाल तर ते बसायला तयार होत नाहीत, माझा अनुभव आहे, म्हणून नेऊच नका.

लेकरांना घाटात उलटी होते. निघण्याआधी पोटभर नाश्ता नको, मुरमुरे, लिंबू, आल्याची वडी जवळ ठेवा, पुढच्या सीटवर आळीपाळीनं बसवा. बाबांच्या गोळ्या दुप्पट न्या, एक पाकीट तुमच्याजवळ एक आईंजवळ. स्वेटर सप्टेंबरातही लागतो, कानटोपी लागते, ओले कपडे वाळत नाहीत म्हणून एक जोड जास्त. दवाखाना चिखलदऱ्याला आहे, मोठं काही असलं तर खाली अचलपूरला यायचं.

मुक्कामाचं, आमचे पैसे एका एजंटानं बुडवले होते. फोटो दाखवला एका हॉटेलचा, तिथं गेलो तर आमच्या नावानं खोलीच नाही, फोन बंद. रात्री आठ वाजता सासूबाई गाडीत बसून आणि मी खोली शोधत फिरत होते. ते दुःख कुणाला होऊ नये म्हणून लिहिते, मधला माणूस घेऊ नका. सरकारी विश्रामगृह किंवा हॉटेल, थेट स्वतः बोला, खालच्या मजल्यावरची खोली आणि कमोड आहे का ते विचारा, शनिवार-रविवार टाळा, पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते.

आणि सेमाडोहला रबडी खा. गवळी लोकांचं दूध आहे, तिची चव खाली मिळत नाही.

घाटाखालचा

ताईचं बरोबर हाय. कोलकासच्या पुढं नेऊ नका. मास्तर, तुमाले एसटीत बसून जायाची सवय होती, भाऊ पहिल्यांदा घाट चालवून राह्यले.

सातपुड्याचे मास्तर

मान्य. हरिसाल-धारणी लेकरं मोठी झाली की करा.

सिपनाकाठी (हरिसालजवळ)

मी कोरकू आहे, बीए दुसऱ्या वर्षाला आहे, गाव हरिसालपासून आत. सगळ्यांनी छान सांगितलं. माझ्याकडून दोन-चार गोष्टी.

सिपना हे आमच्या भाषेतलं नाव आहे, सिपना म्हणजे साग. पऱ्हाटीवाले दादा, तुमच्या घराचे खांब सागाचे आहेत म्हणता तर तुमच्या घरात आमच्या नदीचं नाव उभं आहे असं मला वाटलं. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. पाण्याला आम्ही दा म्हणतो, वाघाला कुला. लेकरांना शिकवा, रस्त्यात कुणी म्हातारी भेटली आणि लेकरानं दा मागितलं तर ती किती खूश होईल. आमची भाषा मराठी-हिंदीच्या घरातली नाही, तिकडं झारखंडात संथाली, मुंडारी आहेत त्यांच्या घरातली आहे, त्या घरातलं सगळ्यात पश्चिमेचं टोक म्हणजे आम्ही.

लोक गाडी थांबवून आमच्या घरांचे, बायांचे, उघड्या लेकरांचे फोटो काढतात. विचारत नाहीत. कुपोषणाच्या बातम्यांमुळं लोकांना वाटतं इथं फक्त दुःखच आहे. कुपोषण आहे, मी नाही म्हणत नाही, माझ्या काकाचं लेकरू गेलं आहे. पण ते पाहायला येऊ नका, आणि चॉकलेट फेकू नका चालत्या गाडीतून, लेकरं रस्त्यावर धावतात आणि मागून ट्रक येतो. द्यायचं वाटलं तर विकत घ्या. बाजाराच्या दिवशी कुटकी, कोदो ही भरडधान्यं, मध, सीताफळाच्या दिवसांत सीताफळ मिळतं, भाव करा पण फार पाडू नका.

माकडांना खायला देऊ नका. प्लास्टिक परत न्या, सांबर खाते. गाडीतलं गाणं जंगलात बंद ठेवा, काच खाली करा. पावसाळ्यात आमचं जंगल कानानं पाहायचं असतं.

आणि होळीला कधी जमलं तर या. आमचा मोठा सण दिवाळी नाही, होळी आहे. बाया रस्ता अडवून नाचतात आणि फगवा मागतात, घाबरायचं नाही, दहा-वीस रुपये द्यायचे आणि थोडं थांबून पाहायचं.

पऱ्हाटीवाला (अठरा दिवसांनी)

मंडळी, जाऊन आलो. तुमी सगळ्यायनं एवढं सांगतलं तं कसं झालं ते कळवणं माझं काम हाय.

सोमवारी पहाटे निघालो, अमरावतीले चहा, परतवाड्यात टाकी भरली. बाबायनं परतवाड्यात गाडी थांबवाले लावली, लाकडाचा डेपो पाह्याचा होता, कोणता ते आता त्यायले आठवत नव्हतं, पण रस्त्याच्या कडेनं रचलेलं सागवान पाहून म्हणे वास तोच हाय. मोथ्याच्या घाटात चढताना पुरं धुकं. दुसऱ्या गिअरमंधी, लाईट खाली, काच उघडी, हॉर्न देत देत गेलो, घाटाखालच्या भाऊ, तुमचा एकेक शब्द कामात आला. बाबा पूर्ण रस्ता खिडकीतून पाहत होते अन् दिसत काहीच नव्हतं. मले लय वाईट वाटून राह्यलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बी तसंच. पावसाची भुरभुर. ताई, तुमचं ऐकलं, कुठं गेलो नाही, खोलीतच बसलो, लेकरं पत्ते खेळली. साडेअकराले आईच म्हणे का भिंतीवर ऊन पडलं पाह्य. तशीच गाडी काढली अन् पॉइंटवर न जाता परत मोथ्याकडं घाटात उतरलो तीन-चार वळणं, जागा पाहून लावली. ढग वर उचलल्यासारखा झाला अन् खाली सगळं उघडलं. बाबा गाडीतून उतरले, काठी घेतली नाही. एक हात वर करून दाखवू लागले, ते अचलपूर असन, तिकडं अंजनगाव, त्या बाजूनं मुर्तिजापूरचा रूळ जात होता. मोठ्या पोरानं विचारलं आजोबा आपलं गाव कुठं, तं म्हणे आपलं दिसत नाही, लय दूर हाय, पण त्याच जमिनीवर हाय. वीस-पंचवीस मिनिटं आमी तिथं होतो, मंग पुन्हा ढग आला.

गाविलगडावर लेकरं अन् मी गेलो, आईबाबा खाली गाडीजवळ थांबले. मास्तर, तोफांची गोष्ट मी तिथंच सांगतली, धाकट्यानं विचारलं तोफ ओढणाऱ्या बैलायले पोळा होता का. मले उत्तर देता आलं नाही, तुमाले माहीत असन तं सांगा, पोरगा रोज विचारते.

बुधवारी घटांगवरून सेमाडोह, कोलकास. रबडी खाल्ली, घरी बी आणली, अर्धी वाटेतच संपली. सागाले पांढरा तुरा आलता, पूर्ण डोंगरावर पिठी भुरभुरल्यासारखी. लेकरायनं सागाचं कोवळं पान हातावर चोळून लाल केलं. रस्त्यात एका ठिकाणी सांबराची मादी अन् पिल्लू, गाडी बंद करून दहा मिनिटं पाह्यलं. वाघ दिसला नाही, अन् लेकरायनं एकदाही धोशा लावला नाही, कारण मोठा पोरगा सगळ्या रस्त्यानं कुला कुला म्हणत झाडीत पाहत होता अन् त्याले त्यातच मजा आली.

कोलकासले नदीले भरपूर पाणी होतं. बाबायनं काठावरच्या एका मोठ्या सागाले दोन्ही हातानं कवेत धरून पाह्यलं, हात पुरले नाही तं आईले म्हणे तू त्या बाजूनं धर. दोघायचे हात मिळून बोटं टेकली. मंग बाबा म्हणे आपला मधला खांब याच्याहून थोडा बारीक हाय.

सिपनाकाठी भाऊ, दोन वाजताच निघालो का उजेडात खाली यावं म्हणून, तुमच्या गावापर्यंत आलो नाही, याची खंत हाय. सेमाडोहच्या अलीकडं रस्त्यावर एक आजी काकड्या घेऊन बसली होती, धाकट्यानं तिले दा मागतलं. तिनं आपल्या बाटलीतलं देल्लं, अन् त्याच्या गालाले हात लावून कायतरी बोलली, ते आमाले समजलं नाही. जे ऐकू आलं ते पोरगं घरी आल्यापासून म्हणून दाखवते, पण दरवेळी वेगळंच म्हणते. होळीले येतो तवा तुमीच त्याच्याकडून ऐकून सांगजा.

अमरावतीले साळ्याकडं मुक्काम केला, गुरुवारी घरी. सोयाबीन परवापासून सोंगणीले येते.